ताई, गोफन ल!

चिनी भाषेतलं मला येणारं वाक्य एकच, आणि ते मी कोल्हापूर जिल्ह्यात शिकले. ‘थाय ग्वोफन ल.’ थाय म्हणजे फार. ग्वो म्हणजे ओलांडणं. फन म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याची हद्द. शेवटचा ल म्हणजे झालं, घडून गेलं. मैत्रिणीमैत्रिणींत, घरात, बाजारात बोलायचं वाक्य आहे ते. आपण ‘आता अति झालं हं’ म्हणतो, तसं. जिने मला ते शिकवलं तिला आमच्याच माणसांसमोर ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं आणि कोणी म्हणजे कोणी ते ऐकलं नाही. याचा राग नाशिकला परत येऊन कपडे धुऊन आठवडे उलटले तरी उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी एका एजन्सीत काम करते. परदेशी यंत्रं इथल्या छोट्या कारखान्यांना विकायची हा आमचा धंदा. यंत्र पोचलं की ते बसवायला तिकडून तंत्रज्ञ येतात. त्यांची ने-आण, राहणं, खाणं आणि इंग्रजीतून मराठीत दुभाषेपण माझ्याकडे. या खेपेला लिन आली होती. पस्तिशीची, बुटकी, चष्मेवाली, कमी बोलणारी. आजऱ्यात एका काजू कारखान्यात बी फोडायचं मशीन बसवायचं होतं. निघण्याआधी माझी यादी तयार होती: ओआरएस, टिश्यू पेपर, कोरडी बिस्किटं, पोटाच्या गोळ्या, यंत्राच्या पुस्तिकेची मराठी प्रत. काम संपल्यावर जमलं तर नृसिंहवाडी.

कोल्हापूर

बिस्किटं आणि गोळ्या जशाच्या तशा परत आल्या. लिन मूळची हुनान प्रांतातली निघाली, आणि तिकडे मिरची कशी खातात याची मला कल्पना नव्हती. पहिल्या संध्याकाळी खानावळीत वाढप्याने काळजीने विचारलं, “पावणं, तांबडा सोसल का ह्यास्नी?” लिनने वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली.

“आयला, पान्यागत पितीया बगा!” वाढपी आत बघून ओरडला. आतून आचारी बाहेर आला, गल्ल्यावरचे मालक उठून आले. मग सुरू झाली वाढावाढ. तांबडा, मग पांढरा, मग पुन्हा तांबडा. लिनने वाटीवर हात धरला तर वाढप्याने वाट बघितली आणि तिने चष्मा पुसायला हात उचलला तेवढ्यात पळी रिती केली. ती खो-खो हसली आणि म्हणाली, “थाय ग्वोफन ल!”

अर्थ तेव्हाच विचारून घेतला. तिने नीट समजावलं. म्हणाली, हे वाक्य चेहरा बघून ऐकायचं. हसत म्हटलं तर लाडाची तक्रार, न हसता म्हटलं तर भांडण.

न हसता ते मी त्याच संध्याकाळी ऐकलं. रंकाळ्यावर फिरायला गेलो. लोकांनी फोटो काढले, एकेकट्याने, जोडीने, सहकुटुंब. विचारलं कोणीच नाही. एका गृहस्थांनी सरळ तिच्या खांद्यावर हात टाकला, मोबाईल वर धरला आणि मित्रांकडे बघून म्हणाले, “चायना माल हाय, गॅरंटी हाय न्हवं?” मित्र हसले. लिन अजिबात न हसता म्हणाली, “थाय ग्वोफन ल.” मी तो हात उचलून बाजूला केला आणि बोलायचं ते बोलले. ते गृहस्थ दुखावले! “गम्मत केली की म्याडम, येवढं काय त्यात?” आमच्या नाशकातही लोक परदेशी माणसाकडे टक लावून बघतात, ते काही शहाणे नाहीत. पण हात लावून वर आपणच दुखावणं मी पहिल्यांदा पाहिलं. लिनने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, तुझं गाव विचारत होता. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

कागलच्या पुढे

सकाळी कारखान्याची गाडी आली. कागलला चहा घेतला. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या, आणि मागून गाडी आली तरी हलायचं नाही असा त्यांचा बाणा. निपाणीला दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा मराठी झाल्या, ते बघून लिनला वाटलं मी गंमत करते आहे. उत्तूरनंतर रस्ता वळणांचा झाला. तांबडी माती, कापणी होऊन मोकळी पडलेली भाताची खाचरं, उतारांवर काजूची झाडं. मोहोर संपत आला होता, काही फांद्यांवर बोंडं धरली होती. काच खाली केली की गोडसर, किंचित आंबूस वास येई. लिनने आयुष्यभर काजू फोडायची यंत्रं जोडली, पण काजूचं झाड तिने पाहिलं नव्हतं. गाडी थांबवून ती एका झाडाखाली जाऊन उभी राहिली, बोंडाला खालून लटकलेली बी चिमटीत धरून तिने तिची मापं डोळ्यांनी घेतली आणि आकारात फार फरक आहे, मशीनमध्ये अडकणार, असं मला इंग्रजीत सांगितलं. ते खरं ठरलं.

आजरा

कारखान्याचे मालक आप्पासाहेब, साठीचे, पांढरा सदरा, मोठा आवाज, मोठं मन. त्यांच्या पत्नीला सगळे वैनी म्हणतात. घराला लागूनच पत्र्याची शेड, आणि तिथे काम करणाऱ्या बायकांची हजेरी, कामाची वाटणी, त्यांची भांडणं सगळं वैनीच बघतात. मला त्यांनी आल्या आल्या ‘ताई’ केलं आणि इथेच घोटाळ्याची सुरुवात झाली.

रात्रीच्या जेवणाला घनसाळ भात होता. झाकण काढलं की ओसरीपर्यंत वास यावा असा. ओल्या काजूगरांची आमटी, भाकरी, वर तूप. वैनींचा आग्रह म्हणजे खानावळीतल्या वाढप्याने धडे घ्यावेत. लिनने ताटावर हात आडवा धरला, वैनींनी हाताच्या बाजूने भात सरकवला. लिन माझ्या शेजारी बसली होती. हसून म्हणाली, “थाय ग्वोफन ल!”

तिचा थ आपल्या त आणि थ यांच्या मधला असतो. वैनींनी तो त ऐकला.

“तुमास्नी काय म्हंती ही? ताई, गोफन?”

“गोफन?” आप्पासाहेब भाकरी मोडता मोडता थांबले. “चीनमदी गोफन हाय व्हय?”

मी सांगायला लागले की नाही हो, त्याचा अर्थ वेगळा आहे, पण तोवर आप्पासाहेबांनी लहानपणी शाळूच्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं कशी हाकलली ही गोष्ट सुरू केली होती, आणि ती चांगली लांब होती.

सकाळी उठते तो वैनी अंगणात उभ्या, हातात विणलेली जुनी गोफण. “रानातनं मागवून घेतली. पोरगी रातच्याला मागत हुती, दिऊन टाका.” लिनला ते प्रकरण भलतंच आवडलं. वैनींनी पदर खोचून तिला शिकवलं: खोळीत दगड ठेवायचा, डोक्यावर फिरवायची आणि एक टोक सोडायचं. लिनने सोडलं ते चुकीच्या वेळी. दगड शेजाऱ्यांच्या पत्र्यावर धाडकन बसला, कुत्रं ओरडत पळालं, शेजारी बाहेर आले आणि कारण कळल्यावर तेही शिकवायला लागले. मी पुन्हा एकदा खरा अर्थ सांगायचा प्रयत्न केला. “व्हय व्हय,” सगळे म्हणाले. दुपारपर्यंत शेडमधल्या बायका, फिटर दिलीप, हमाल, सगळे लिनला बघून ओरडायला लागले, “ताई, गोफन ल!” राम राम म्हणावं तसं. लिन हसायची. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी मशीन बसलं आणि चाललं. त्याच्या पात्यांवर एक झाकण आहे. झाकण उघडलं की आतली कळ सुटते आणि मशीन जागेवर बंद पडतं. बी अडकली की झाकण उघडा, काठीने काढा, झाकण लावा, चालू करा. लिनने हे सगळ्यांना दाखवलं, हौसाबाई नावाच्या जुन्या कामगार बाईंकडून दोनदा करून घेतलं. आणि बिया सारख्या अडकत होत्या, तिने झाडाखाली सांगितल्याप्रमाणे.

शेड

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन होतं. पाहुणे बोलावले होते, फेटेवाला येणार होता. सकाळी चहा घेऊन लिन आणि मी शेडमध्ये पाय ठेवला तर मशीन चालू होतं आणि झाकण उघडं होतं.

हे होऊ शकत नाही, हे माझ्यासारख्या बिनइंजिनिअरलाही कळत होतं. दिलीपने प्लास्टिकची पट्टी आवळून ती कळ दाबूनच ठेवली होती. हौसाबाई फिरत्या पात्यांशेजारी बोटं घालून अडकलेल्या बिया उपसत होत्या. दिलीप कौतुकाची वाट बघत म्हणाला, “बगा म्याडम, सकाळधरनं एकदाबी थांबलं न्हाय!”

लिनने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग वळली आणि एकेक अक्षर वेगळं करत म्हणाली, “थाय. ग्वो. फन. ल.”

आणि शेड हसली. दिलीप सगळ्यात जास्त. “हिनं गोफन मागितली रं! आना की कुनीतरी!” आणि कोणीतरी खरोखरच घरात जाऊन गोफण आणली आणि तिच्या हातात दिली. हातात गोफण. समोर हसणारी माणसं. तिने गोफण खाली ठेवली, मोबाईल काढला, भाषांतराच्या ॲपमध्ये बोलली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “हे खूप जास्त आहे.”

“काय जास्त हाय?” दिलीपने विचारलं. “स्पीड? कमी करू की.”

मग मी बोलले, आणि काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून आप्पासाहेब आले.

“म्याडम, तुमी आदी बसा. च्या घ्या.”

“मला चहा नको. ती पट्टी काढायला सांगा.”

“आसं कसं? सकाळच्यापारी रागावून कुनी ऱ्हातंय व्हय? ए, दोन च्या आना रं!”

चहा आला. खरंच आला. तो कप हातात धरून भांडावं लागलं, याचा मला अजून संताप येतो.

आप्पासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. “चारचारदा बंद पडायचं आसंल तर मशीन घेतलं कशापाय? आनि आमच्या बायकांचा हात चलाख हाय. जल्माच्या बिया फोडत्यात त्या.”

हात चलाख! हे वाक्य मी अनेक कारखान्यांत ऐकलं आहे, आणि ते नेहमी असा माणूस बोलतो ज्याचा स्वतःचा हात पात्याजवळ नसतो. मी तेच त्यांना म्हटलं. लिनने मला विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. ती म्हणाली, पट्टी निघाल्याशिवाय मी फेटा बांधणार नाही आणि उद्घाटनाला उभी राहणार नाही. एरवी भाषांतर करताना मी बोलण्याच्या कडा घासून गुळगुळीत करते, पगार त्याचाच मिळतो. त्या सकाळी जसंच्या तसं सांगितलं.

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. “फेटा न्हाय म्हनती? आमच्यात फेट्याला न्हाय म्हनत न्हाईत, म्याडम.”

“तुमच्यात कशाला नाही म्हणतात ते एकदा सांगा,” मी म्हटलं. “आल्यापासून तिने नको म्हटलेलं तुम्ही एकही ऐकलेलं नाही.”

एवढ्यात वैनी पूजेचं ताट घेऊन आल्या. मशीन बंद, मध्ये पडलेली गोफण. “गोफन कुनी आनली हितं?”

“तिनंच मागितली की,” दिलीप पुटपुटला.

“वहिनी, तिने गोफण कधीच मागितली नव्हती,” मी म्हटलं. आणि या वेळी कोणी मध्ये गोष्ट सुरू केली नाही म्हणून मला पूर्ण सांगता आलं: थाय म्हणजे काय, ग्वोफन म्हणजे काय, हसून म्हटलं तर काय आणि न हसता म्हटलं तर काय.

वैनींनी ताट बाजूला ठेवलं. “म्हंजे परवा रात्री भात वाढताना ती पुरे म्हनत हुती?”

“हो. पुरे, फार झालं.”

“आनि मी वाढतच ऱ्हायले.” मग लिनकडे बघून, “आनि आत्ता?”

“आत्ता ती हसली का?”

वैनी हौसाबाईंकडे वळल्या. हौसाबाई म्हणाल्या, “मला वाटलं, मशीन चालू करायचा मंतर हाय कायतरी.” कोणी हसलं नाही. मग त्याच हळू म्हणाल्या, “पन भ्या वाटतं हां वैनी, आत हात घालाय.”

“मग सांगितलं न्हाईस कशापाय?”

“तुमी इचारलासा कवा?”

हे बोलून हौसाबाईच दचकल्या. वैनींनी मशीनकडे बोट केलं. “दिलीप, काड ती पट्टी.”

दिलीपने आप्पासाहेबांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडं काय बगतोस? काड म्हनलं की.”

“आगं, दुपारला पावनं येनार हायत,” आप्पासाहेब म्हणाले. “त्यांच्यासमोर बंद पडलं तर हसतील लोकं.”

“हसूदेत की. त्यांची बोटं न्हाईत आत.”

पट्टी कापली गेली. लिनने फेटा बांधून घेतला, गुलाबी, तिच्या चष्म्यावर सारखा घसरणारा. आणि दुपारी मशीन पाहुण्यांसमोर बंद पडलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पहिल्या रांगेतली मंडळी कुजबुजली, मग मोठ्याने हसली. चायना माल, दुसरं काय. आप्पासाहेब घामाघूम. लिन प्रत्येक वेळी शांतपणे झाकण उघडायची, काठीने बी काढायची, झाकण लावायची, चालू करायची. मला उठून त्या रांगेला विचारावंसं वाटत होतं की हसताय ते नक्की कशाला? मशीन थांबतंय म्हणूनच त्या बाईची बोटं शिल्लक राहणार आहेत. एकाने वळून मला विचारलंच, “गॅरंटी हाय का म्याडम?” मी म्हटलं, “आहे. हात शाबूत राहण्याची. आणखी कसली हवी?” त्याने मान पुढे फिरवली.

परत

कार्यक्रम लांबला, नृसिंहवाडी राहिली. निघताना वैनींनी लिनला ओल्या काजूगरांचा डबा दिला. मग लिनने आता पुरे म्हणून हात आडवा धरला. वैनी दुसरा डबा घेऊन आल्या होत्या, तो त्यांनी परत आत नेला. हे त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

गाडीत लिनने विचारलं, तुमच्याकडे असा शब्द कोणता आहे, की तो म्हटला की समोरचा थांबतो? मी कागलपर्यंत विचार करत होते. पुरे. बास. नको. नको हो. खरंच नको. यातला एकही शब्द आमच्याकडे पहिल्यांदा म्हटला तर खरा धरत नाहीत. नको म्हणणं ही पाहुण्याची रीत आणि ते न ऐकणं ही यजमानाची. आमच्या नाशकात काही वेगळं नाही, फक्त पळी लहान आहे. यात प्रेम आहे हे मलाही कळतं. पण ताटावरचं नको आणि पात्यावरचं नको यांना आम्ही एकच शब्द वापरतो, आणि दोन्ही तितक्याच आनंदाने कानाआड करतो. लिनला मी सांगितलं की असा शब्द नाही. तिला वाटलं मला इंग्रजीत तो आठवत नाहीये.

काही आठवड्यांनी मी आजऱ्याला फोन लावला, आप्पासाहेबांना नाही, वैनींना.

“पट्टी परत लागली का?”

“लावलती की दिलीपनं. मालकांनीच सांगितलं म्हनं.” माझं डोकं तापायला लागलं तोवर त्या पुढे म्हणाल्या, “आता चावी माझ्याकडं हाय. रोज सकाळी मीच चालू करती आनि चालू असतानाच झाकन उगडती. मशीन बंद पडलं तरच बायकांस्नी आत सोडती. न्हाय पडलं तर दिलीपला हाक.”

“आणि आप्पासाहेब?”

“बोलत न्हाईत माझ्याशी. बोलतील.”

फोनमध्ये मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. ती एकदम थांबली.

“वहिनी! काय झालं?”

“काय न्हाय. बी अडकली. हौसाबाईनं झाकन उगडलं.”

आम्ही दोघी फोन धरून राहिलो. मग घरघर पुन्हा सुरू झाली.